बाबासाहेबांचे वेळापत्रक

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले आणि मंडळाने मलाही चार पाने लिहायला सांगितले. विषय कोणताही घ्या, पण बाबासाहेबांवर घ्या, असे सांगणे झाले. परमपूज्य बाबासाहेबांवर आजवर इतके लिहिले गेले आहे की आपण त्यात नवीन काय भर घालणार, या विचारात मी बरेच दिवस नुसता बसून होतो. शेवटी विषय मिळाला तो विहारातच.

वर्षावासात दर रविवारी आपल्याकडे व्याख्यान असते. एका रविवारी एक तरुण व्याख्याते आले होते. विषय होता समतोल जीवन. त्यांनी फळ्यावर चोवीस तासांचे तीन भाग काढून दाखवले. आठ तास नोकरीधंदा, आठ तास झोप आणि उरलेले आठ तास घर, व्यायाम, छंद व समाजकार्य. भगवान बुद्धांनी सांगितलेला मध्यम मार्ग तो हाच, असे त्यांनी सांगितले. बोलले छान. देवपुरातली आपली सगळी नोकरदार मंडळी माना डोलावत होती, त्यात मीही होतो. घरदार सांभाळून समाजकार्य, हे वाक्य आपण सगळे अधूनमधून वापरतोच. मीटिंगला का आला नाहीत म्हणून विचारले की उपयोगी पडते.

प्रश्नोत्तराच्या वेळी मागे चटईवर बसलेल्या एक आजीबाई उठल्या. वय ऐंशीच्या घरातले, शाळेचे तोंड न पाहिलेल्या. त्यांनी विचारले की भाऊ, हे सगळे खरे, पण आमच्या बाबांनी यातले कोणते आठ तास कशात टाकले होते? हशा झाला, व्याख्यातेही हसले आणि कार्यक्रम सरणत्तयाने संपला. उत्तर मात्र कोणी दिले नाही. मला काही तो प्रश्न घरी स्वस्थ बसू देईना. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र मी पुन्हा वाचायला घेतले, पण या वेळी नजर घड्याळावर ठेवून.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांचे हे चौदावे अपत्य. भीम पाच-सहा वर्षांचा असतानाच आई गेली. पुढे मुंबईला परळच्या चाळीत राहायला आले तेव्हा सगळ्या कुटुंबाला मिळून एकच खोली. भांडीकुंडी, चूल, माणसे सगळे तिथेच. अभ्यास कुठे करायचा? तर सुभेदारांनी युक्ती काढली. भीमाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे आणि दोन वाजता पोराला उठवून त्याच जागेवर आपण आडवे व्हायचे. पोर चिमणीच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचत बसे. म्हणजे बघा, बाबासाहेबांच्या आयुष्यातले पहिले वेळापत्रक हे असे, बापाच्या झोपेतून तास काढून बनवलेले.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्याच्या आदल्या वर्षी भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यानंतर, त्यांचे रमाबाईंशी लग्न लागले होते. १९१२ साली बी. ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील गेले आणि त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथला त्यांचा क्रम सर्वांना ठाऊक आहे. दिवसाचे अठरा अठरा तास वाचन. पुढे लंडनलाही तेच. ग्रंथालय उघडताना आत जायचे आणि बंद करताना शिपायाने उठवले की बाहेर पडायचे. पोटात बहुधा पावाचा तुकडा आणि चहा. १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून परत यावे लागले, बडोद्याच्या नोकरीत अपमान सोसावा लागला, मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ पर्यंत एम. एस्सी., बॅरिस्टर आणि डी. एस्सी. हे सगळे पदरात पाडून घेतले.

हे सांगताना आपली छाती फुगते, आणि फुगावीच. पण या वर्षांत परळच्या चाळीत काय चालले होते, तेही याच कहाणीत धरले पाहिजे. रमाईने गोवऱ्या थापून दिवस काढले, हे आपण गाण्यांतून ऐकत आलो आहोत. गाणे ऐकताना डोळे भरून येतात, गाणे संपले की आपण टाळ्या वाजवतो. पण हिशेब मांडून बघा. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी पाच मुले झाली. त्यातला एकटा यशवंत जगला, बाकी चौघे लहानपणीच गेली. धाकटा राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला, तेव्हा बाबासाहेब पार खचले होते. संसारातली गोडी संपली, अशा अर्थाचे पत्र त्यांनी कोल्हापूरच्या एका स्नेह्यांना लिहिले. बाप म्हणून त्यांना काही वाटत नव्हते, असे कोणी म्हणू शकणार नाही. त्या पत्राला वर्ष व्हायच्या आत, २० मार्च १९२७ रोजी, ते महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. पुढच्या महिन्यात ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. त्याचे रकानेच्या रकाने ते एकटे लिहीत. सोबत वकिली, शिकवणे, मुंबईच्या कायदेमंडळातले काम आणि दारात रोज गाऱ्हाणी घेऊन आलेली माणसे.

माझी मुलगी पुण्याला कंपनीत नोकरीला आहे. दिवाळीला आली तेव्हा माझे हे वाचन चालू होते. मी तिला मोठ्या कौतुकाने अठरा तासांचे सांगायला गेलो, तर ती म्हणाली की पप्पा, तुम्ही अठरा तासांचे सांगता, पण ते चौघे लेकरं गेले त्याचे कोण सांगेल? बाबासाहेबांनी घराला थोडा वेळ दिला असता तर? मी एकदम रागावलो. असे बोलू नये म्हणालो. तिच्या आईनेही मला गप्प बसायला सांगितले नाही, पण माझ्या बाजूनेही ती काही बोलली नाही, हे माझ्या लक्षात आले. मीसुद्धा चाळीस वर्षे मंडळ, जयंती, मोर्चे, मीटिंगा करत फिरलो. मुलीच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी मी कुठल्या गावाला होतो, ते आज आठवतही नाही. तिला आठवते. बाबासाहेबांचे नाव घेऊन मी माझी सुटका करून घेत होतो की काय, ही शंका मला त्या दिवशी पहिल्यांदा आली.

तर आता मी आपल्या भागातल्या एका प्रसंगाकडे येतो, कारण समतोलाचा विचार मला तिथे सगळ्यात जास्त करावा लागला. साल १९२९. अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला मुंबई सरकारने स्टार्ट कमिटी नेमली होती, बाबासाहेब तिचे सभासद होते. कमिटीचे काम आटोपल्यावर धुळे भागातल्या एका गावी सवर्णांनी आपल्या लोकांवर टाकलेल्या बहिष्काराची चौकशी करायला ते आले. मूळ बेत असा होता की इकडचे काम झाले की सरळ मुंबईची गाडी धरायची. पण चाळीसगाव स्टेशनावर तिथली आपली माणसे जमली आणि एक रात्र आमच्याकडे राहा म्हणून हट्ट धरून बसली. बाबासाहेबांनी बेत बदलला. धुळ्याच्या गाडीने इकडे आले, गावात जाऊन चौकशी केली आणि पुढच्या गाडीने चाळीसगावला परत उतरले.

स्टेशनापासून महारवाडा दोन मैल. मध्ये नदीवर पूल. एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. आपल्या पाहुण्याने पायी चालत यावे, हे लोकांना कमीपणाचे वाटले. शेवटी तडजोड अशी झाली की टांगा भाड्याने द्यायचा, पण हाकणारा तुमचा तुम्ही आणा. आपल्यातलाच एक जण हाकायला बसला, त्या बिचाऱ्याला टांग्याची सवय नव्हती. पुलाला कठडा नव्हता, कडेला अंतराअंतरावर नुसते दगड रोवलेले. चाक दगडाला धडकले, बाबासाहेब उडून पुलाच्या फरशीवर आदळले आणि टांगा घोड्यासकट खाली नदीत गेला. पायाचे हाड मोडले. महारवाड्यातल्या बायामाणसांनी रडत ओरडत त्यांना उचलून नेले. त्यानंतर कित्येक दिवस ते अंथरुणाला खिळून होते. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्यात ते आपल्या लोकांना दोष देत नाहीत. साधा टांगेवालासुद्धा बॅरिस्टर असलेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला वरचा समजतो, हे त्यांना त्या पुलावर समजले, एवढेच नोंदवतात.

आता फळ्यावरच्या त्या हिशेबाने पाहा. समतोल ठेवणाऱ्या माणसाने काय केले असते? सरळ मुंबईची गाडी धरली असती. दौऱ्याने शरीर थकले आहे, घरी आजारी बायको आहे, एक मुक्काम टळला तर कोणाचे काय बिघडणार आहे? विचार अगदी बरोबर. पण चाळीसगावच्या त्या माणसांना तोपर्यंत कोणी मुक्कामाला आलेले नव्हते, हेही तितकेच बरोबर. आणि पाय मोडला तरी माणूस थांबला का, तर नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी ते लंडनला गोलमेज परिषदेत बोलत होते.

रमाई या सगळ्यात झिजत गेल्या. दादरला ‘राजगृह’ बांधले, तिथे ग्रंथांना ऐसपैस जागा झाली, पण रमाईंच्या वाट्याला ते घर फार दिवस आले नाही. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. बाबासाहेब कित्येक दिवस कोणाशी धड बोलत नव्हते. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. १९४० साली ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ निघाला, तो त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला आहे. राजकारणावरचे एवढे जाडजूड पुस्तक, आणि पहिल्या पानावर संसारात सोसलेल्या बाईचे नाव. मला वाटते, हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता. कोणाच्या जिवावर आपण उभे आहोत, ते त्यांना कळत होते.

याला आणखी एक पुरावा मी देतो. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची सवलत देणारे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाईला बाळंतपणाच्या आगेमागे विसावा मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, अशी त्यांची बाजू होती. तेव्हा राजरत्नला जाऊन दोनच वर्षे झाली होती. पुढे १९४२ ते १९४६ ते दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. कारखान्यातल्या कामगारांना पगारी रजा मिळावी म्हणून त्यांनी विधेयक आणले. आठवड्याचे कामाचे तास ५४ चे ४८ करणारे १९४६ चे दुरुस्ती विधेयकही त्यांनीच मांडले. धुळे-अमळनेरच्या गिरण्यांत ज्यांचे वडील-आजोबा राबले, त्यांना सहा तासांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. ज्या माणसाने स्वतःच्या दिवसाला कधी कुंपण घातले नाही, त्याने दुसऱ्यांच्या दिवसाला कुंपण घालून दिले. आमच्या व्याख्यात्यांनी फळ्यावर जे आठ तास काढले, ते कायद्यात उतरवणाऱ्यांत बाबासाहेब होते. माझ्या मुलीला पगारी रजा मिळते, तीसुद्धा त्याच वाटेने आलेली. पण समतोल हा त्यांनी कामगाराचा हक्क मानला, पुढाऱ्याची सबब म्हणून कधी वापरला नाही. आपण नेमके उलटे करतो. घरच्या बाईचा दिवस पहाटे पाचला सुरू होऊन रात्री अकराला संपतो, तिच्या समतोलाचे कोणी नाव काढत नाही. आणि विहारात रविवारी तासभर मुलांचा वर्ग घ्यायचा म्हटले की पुरुषमाणसांना समतोल आठवतो.

राहिला मध्यम मार्ग. भगवंतांनी पंचवर्गीय भिक्खूंना सांगितलेली दोन टोके म्हणजे देहाचे लाड आणि देहाचा छळ. नोकरी आणि घर यांची वाटणी करण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट आपण भन्तेजींकडून ऐकतो. चालून चालून त्याचे पाय रक्ताळले, तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला. तार फार ताणली तरी वाजत नाही, ढिली सोडली तरी वाजत नाही. हे खरेच आहे. पण तार जुळवायची ती वाजवण्यासाठी. जुळवून खुंटीला टांगून ठेवायला भगवंतांनी सांगितले नाही. ते स्वतः पंचेचाळीस वर्षे पायी चारिका करत राहिले आणि कुसिनारेला अखेरच्या घटका मोजतानासुद्धा सुभद्राला त्यांनी धम्म सांगितला. घर तर त्यांनीही सोडले होते. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात ते जसे मांडले आहे, त्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात युद्ध होऊ नये म्हणून सिद्धार्थ परिव्राजक होतो आणि यशोधरेशी बोलून, तिची संमती घेऊन जातो. रात्री झोपलेल्या बायकोला टाकून निघून गेलेला सिद्धार्थ बाबासाहेबांनी नाकारला, यातही मला त्यांच्या घरातली जखम दिसते. चूक असेल तर जाणकारांनी माझे कान धरावेत.

आपल्या धुळ्याला बाबासाहेब १९३७ साली आले होते, ३१ जुलैला, एका खटल्याच्या कामासाठी. मुक्काम लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात. दरवर्षी त्या तारखेला आपण तिथे भीमस्मृतीला जातो. पावसाळ्याचे दिवस, डोंगर हिरवागार, वारा असा की छत्री उलटी होते. दोन दिवस पडून राहावे अशी ती जागा आहे. रमाईंना जाऊन दोन वर्षे झालेली, प्रकृतीच्या कुरबुरी सुरू झालेल्या. पण ते आले कामासाठी आणि काम झाल्यावर गेले. त्यांना विरंगुळा नको होता असे मात्र समजू नका. उतारवयात त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले, चित्रे काढून पाहिली, स्वयंपाकही आवडीने करत. वेळ मिळाला असता तर हा माणूस आपल्या सगळ्यांपेक्षा छान सुटीत राहिला असता.

वेळ मिळाला नाही. ऑगस्ट १९४७ च्या अखेरीस घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद आले. समितीतले कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी परदेशी, कोणी दुसऱ्या कामात, आणि लिखाणाचा बोजा शेवटी त्यांच्यावर आला. मधुमेह, पायाच्या वेदना, रात्र रात्र झोप नाही. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला, त्या सविता आंबेडकर झाल्या. त्यांच्याविषयी आपल्या समाजात उलटसुलट बरेच बोलले गेले. तो वाद मी इथे काढत नाही. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना मंजूर झाली. हिंदू कोड बिल रखडवले गेले म्हणून १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा. त्यानंतर चांदा, मग काठमांडूची बौद्ध परिषद, तिथून बनारस, सारनाथ, कुसिनारा. नोव्हेंबर संपताना दिल्लीला परत. ज्या माणसाला धरून उठवावे लागत होते, त्याचे दीड महिन्यातले हे फिरणे.

५ डिसेंबरच्या रात्री अलीपूर रोडच्या बंगल्यात त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद उशाशी मागवून घेतले. ६ डिसेंबरला सकाळी ते उठले नाहीत. ग्रंथ १९५७ साली निघाला. त्या प्रस्तावनेत पाच वर्षांच्या आजारपणातून आपल्याला जगवल्याबद्दल त्यांनी पत्नीचे आणि डॉ. मालवणकरांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले होते. पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना छापली गेली नाही.

हे सगळे वाचून झाल्यावर मी एका संध्याकाळी त्या आजीबाईंच्या घरी गेलो. त्या ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. आजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला पूर्ण सापडले नाही, असे मी आधीच कबूल केले. मग चाळीसगावचा पूल सांगितला, चार मुलांचे सांगितले, ४८ तासांचे सांगितले, शेवटच्या रात्रीचे सांगितले. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मी मुलीच्या बोलण्याचेही सांगून टाकले, तेव्हा पोरगी खोटे बोलली नाही, एवढेच म्हणाल्या. मी उठायला लागलो तर त्यांनी मला थांबवले आणि विचारले की त्या रात्री बाबा जेवले होते का?

थोडेसे जेवले होते, मी म्हणालो.